पितळी स्टोव्ह : हकीकत आणि निगा

आज ज्या वस्तूविषयी बोलावयाचे आहे ती आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर, गोणपाटात गुंडाळून पडलेली असेल. पितळेची गोल टाकी, तीन पाय, मधोमध उभी नळी, नळीच्या डोक्यावर बर्नर आणि टाकीच्या कुशीत बसविलेली पंपाची दांडी. हल्ली काही घरांत हा स्टोव्ह चकचकीत घासून दिवाणखान्यात मांडतात, आणि पाहुण्याने विचारले म्हणजे "हा आमच्या आजीचा गॅस" असे कौतुकाने सांगतात. ऐकणारे हसतात. परंतु सांगणाऱ्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे. पितळी स्टोव्ह तेल जाळीत नाही. तो तेलाची वाफ करतो आणि ती वाफ, म्हणजे वायूच, जाळतो. वातीच्या स्टोव्हहून त्याची जात निराळी ती याच कारणाने.

शब्दाचीही एक गंमत आहे. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली दगडी कोळशापासून काढलेल्या वायूचे दिवे लागले. त्या 'गॅस-लाइट'चे आपल्या लोकांच्या तोंडी 'घासलेट' झाले, आणि पुढे दिव्यात घालावयाच्या खनिज तेलालाच ते नाव चिकटले. 'रॉकेल' हेही 'रॉक ऑइल'चेच मराठी रूप. आमच्या फलटणास त्या काळी वायूचा नळ येणे शक्यच नव्हते. तेथे रेल्वेसुद्धा नव्हती. लोणंदहून फलटणपर्यंत प्रवाशांची गाडी धावू लागली ती २०१९ साली. तेव्हा मुंबईचा वायू आमच्या गावी आला तो प्रथम नुसता शब्द होऊन, पत्र्याच्या डब्यात बसून. डब्यातल्या तेलाचा खरोखरीचा वायू करणारे यंत्र मागाहून आले, आणि ते मुंबईचे नव्हते, स्वीडनचे होते.

१८८२ साली स्वीडनमध्ये कार्ल रिचर्ड निबर्ग याने धातू तापविण्यासाठी फुंकदिवा काढला. इंधनाची वाफ करून ती बारीक छिद्रातून जोराने सोडावयाची, ही त्यातील युक्ती. तिचा धागा धरून दहा वर्षांनी, १८९२ साली, फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने स्वयंपाकाचा स्टोव्ह सिद्ध केला व त्याला 'प्रायमस', म्हणजे लॅटिन भाषेत 'पहिला', असे नाव दिले. त्याची मातब्बरी अशी की, भांड्याच्या बुडाला काजळी धरत नसे. नान्सेन याने १८९५ साली उत्तर ध्रुवाकडे जाताना हा स्टोव्ह बरोबर घेतला होता. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या अमुंडसेनच्या सामानातही तो होता. स्टोव्ह बर्फात गेला त्याच्या नोंदी ग्रंथांतून सापडतात. तो आपल्या माजघरात कसा आला याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. ज्यांनी तो वापरला त्या बायकांना दिनचर्या लिहून ठेवण्याची सवड नव्हती.

सातारा जिल्ह्याला घासलेटाच्या उद्योगात एक मानाचे पान आहे. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस १९१६ साली निघालेल्या ओगले बंधूंच्या काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील खेडोपाडी गेला. दिव्याचे स्वदेशीकरण असे लवकर झाले. स्टोव्ह बराच काळ परदेशी राहिला व उशिरा देशी बनावटीचा झाला. आमच्या घरचा स्टोव्ह देशी होता की विलायती हे मला सांगता येणार नाही, कारण टाकीवरील अक्षरे घासून घासून गुळगुळीत झाली होती.

घरात त्याला प्रवेश मिळाला तो चहाच्या निमित्ताने. आजीचा स्वयंपाक चुलीवर, सोवळ्यात. चहाला सोवळे-ओवळे लागू नव्हते. म्हणून चहा, आजाऱ्याची पेज आणि रात्री-अपरात्री आलेल्या पाहुण्याचे पिठले-भात एवढी कामे स्टोव्हकडे. पुढे लाकूडफाटा महाग झाला, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात धूर सोसवेना, आणि बघता बघता सगळा स्वयंपाकच त्याच्यावर आला. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या प्रथम पंपाचा खटखट आवाज, मग स्पिरिटचा वास, आणि मग तो एकसुरी 'भर्रर्र' आवाज ऐकला नाही असा माझ्या पिढीचा माणूस विरळा.

आता त्याचे काम कसे चालते ते सांगतो. कारण निगा राखण्याचे सारे मर्म त्यात आहे. टाकीत पाऊण भागापर्यंत रॉकेल भरावयाचे. वरचा पाव भाग हवेसाठी. पंपाने हवा कोंबली की ती रॉकेलला दाबते, आणि रॉकेल नळीतून बर्नरकडे चढते. रॉकेलची वाफ साधारण दीडशे ते तीनशे अंश सेल्सिअस उष्णतेवर होते. म्हणून बर्नर आधी तापविला पाहिजे. त्यासाठी बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट ओतून पेटवीत किंवा स्पिरिटमध्ये भिजविलेला काकडा नळीला लावीत. साखरवाडीसारख्या ठिकाणी उसाचे कारखाने. उसाच्या मळीपासून स्पिरिट. तेव्हा आमच्या तालुक्याच्या उसाशी स्टोव्हचे दूरचे नाते आहे असे मी वर्गात मुलांना सांगत असे. बर्नर तापला की आतील रॉकेलची वाफ होऊन ती निपलच्या छिद्रातून जोराने निसटते, भोवतालची हवा ओढून घेते आणि निळ्या ज्योतीने जळते. ज्योतीच्या उष्णतेने पुढचे रॉकेल तापते, आणि मग स्टोव्ह स्वतःच्या बळावर चालतो. निपलचे छिद्र मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते. सारा स्वयंपाक एवढ्याशा छिद्रावर अवलंबून.

बर्नर पुरता तापण्याआधी हवा भरली तर वाफेऐवजी पातळ रॉकेलच वर येते आणि पिवळा, धुरकट भडका उठतो. अशा वेळी घाबरून पाणी ओतू नये. हवेची चावी सैल करावी, दाब जातो आणि ज्योत बसते. ही चावी कोठे आहे हे हाताला अंधारातही ठाऊक असावे असा आईचा दंडक होता.

स्टोव्हचे दुखणे ओळखण्याची तिची रीत जुन्या वैद्यासारखी होती. पंपाला हाताखाली जोर लागेनासा झाला की वायसर गेले. पंपाची दांडी आपोआप बाहेर येऊ लागली की तळची झडप नादुरुस्त. आवाज मंदावून ज्योत आखूड झाली की निपलात कचरा. ज्योत एका अंगाला झुकून भांड्याची एकच बाजू करपू लागली की वारंवार पिन मारून छिद्र वाकडे झालेले. त्याला उपाय नवा निपल. पिन सरळ आत घालावी आणि सरळ बाहेर काढावी, फिरवू नये, हे मला सहाव्या-सातव्या वर्षी शिकविले गेले. बाराखडीनंतरचे माझे पहिले शिक्षण ते. यंत्रे पुरुषांची आणि चूल बायकांची असे आपण समजत आलो. पण आमच्या आळीत ज्या यंत्राची अंतर्बाह्य माहिती सर्वांना होती असे यंत्र एकच, आणि ती माहिती असणाऱ्या सर्व बायका होत्या. गावोगाव फिरणारा स्टोव्ह दुरुस्त करणारा येई खरा, परंतु त्याच्याकडे जाई ते टाकीला डाक देण्याचे काम. बाकीचे ओसरीवर बसून होत असे. पिना, वायसरे आणि पाना या शेजारपाजारी उसन्या देण्याघेण्याच्या वस्तू होत्या.

ज्यांना माळ्यावरचा स्टोव्ह खाली काढून नीट करावयाची हौस असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. प्रथम टाकीतले जुने रॉकेल उघड्या जागी काढून टाकावे. वर्षानुवर्षांच्या साठवणीने ते चिकट होते. पंपाची टोपी आट्यांवरून सोडवून दांडी बाहेर ओढावी. तिच्या टोकाला वाटीसारखे चामड्याचे वायसर दिसेल. बहुधा ते वाळून कडकडीत झालेले असते. फाटलेले नसेल तर खोबरेलात रात्रभर भिजत ठेवून बोटाने त्याची कड बाहेरच्या बाजूस फाकवावी. पुन्हा बसविताना वाटीचे तोंड टाकीकडे असावे आणि कड नळीत दुमडू नये. तळची झडप काढावयास लांब पाना लागतो; तिच्या आत बारीक स्प्रिंग आणि बुचाचा किंवा रबराचा ठिपका असतो, तो दगडासारखा झाला असला तर पालटावा. बर्नर निखाऱ्यावर तापवून थंड पाण्यात टाकला की आतली कोळी सुटते. नंतर तो झटकून पुरता वाळवावा. बर्नर आणि नळी यांच्या सांध्यातील शिशाचे वायसर एकदा दाबले गेले की पुन्हा उपयोगी पडत नाही, नवेच घालावे.

त्यानंतर रिकामी टाकी सर्व आटे घट्ट करून, निपलचे छिद्र बोटाने दाबून, पाण्याच्या बादलीत बुडवावी आणि पंप मारावा. बुडबुडे दिसतील तेथे गळती. सांध्याशी काडी ओढून गळती पाहणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांचे अनुकरण करू नये. टाकीच्या शिवणीला डाक सुटलेला दिसला तर तो स्टोव्ह शोभेसाठी ठेवावा, पेटविण्याचा विचार सोडावा. डाकाचा धातू थोड्या उष्णतेने वितळतो. म्हणूनच स्टोव्हवर त्याच्या आकाराहून फार मोठा तवा ठेवीत नसत, उष्णता खाली परतते. जुन्या काकड्याला पुष्कळदा अॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळलेली असते. तिचे तंतू फुप्फुसांस घातक आहेत हे त्या काळी आम्हांस ठाऊक नव्हते. ती ओली करून पिशवीत बंद करावी, सोलत बसू नये. बाहेरून चिंचेने घासावे. टाकीत मात्र पाणी जाऊ देऊ नये, नाही तर ज्योत तडतडते. आणि पेटता किंवा गरम स्टोव्ह कधीही भरू नये. रॉकेलऐवजी पेट्रोल तर चुकूनही नको.

हे इतके तपशिलाने सांगण्याला एक कारण आहे. ते मी आजवर जाहीर कोठे बोललो नाही.

१९७५ साली मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही तेव्हा फलटणास नव्हतो. ज्या गावी होतो त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आमच्यापासून चौथ्या घरी एक नवी सून आली होती. लग्नाला वर्षही झाले नसेल. एके दुपारी ती पंपाची दांडी पदराखाली घेऊन आमच्याकडे आली. वायसराची चिंधी झाली होती. "काकू, एवढे बसवून द्या, घरी बोलणी बसतात," असे ती आईला म्हणाली. आईजवळ त्या मापाचे वायसर नव्हते. "आठवड्याच्या बाजारी आणते, तोवर दांडी इथेच असू दे," असे आईने सांगितले. दांडी आमच्या फडताळात राहिली. तीन दिवसांनी पहाटे आळीत आरडाओरड झाली. स्टोव्हचा भडका उडाला, पदराने पेट घेतला, पोर भाजून गेली, असे सांगण्यात आले. पंचनाम्यात 'पितळी स्टोव्ह एक' अशी नोंद झाली.

पंपावाचून स्टोव्हचा भडका उडत नाही. टाकीत दाबच नसेल तर रॉकेल वर चढणार कसे? आईला हे मला समजावून सांगावे लागले नाही, आणि मला तिला सांगावे लागले नाही. तिने फडताळ उघडून दांडी वडिलांच्या पुढे ठेवली. वडील बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आपण परगावची माणसे. यात पडू नये." फौजदारांनी आळीतील चार पुरुषांचे जबाब घेतले. ज्यांना स्टोव्हची माहिती होती त्यांच्यापैकी कोणालाही काही विचारण्यात आले नाही. आणि न विचारता जाऊन सांगावे, इतका मी लहान नव्हतो. पण मीही गेलो नाही.

त्यानंतरच्या दहा वर्षांत वर्तमानपत्रांतून 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' हे शब्द इतक्या वेळा वाचावे लागले की छापणाऱ्याने खिळे जुळवूनच ठेवले असावेत असे वाटे. खरे अपघातही होत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणे, तुंबलेल्या निपलावर हवा भरीत राहणे, आणि अंगाला चिकटून जळणारी नायलॉनची साडी, यांनी पुष्कळ जीव घेतले. परंतु खऱ्या अपघातांच्या आड खोटेही दडविता येत होते, आणि स्टोव्हला तोंड नव्हते. हुंडाबळीविरुद्ध स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कायदा हलला. १९८३ साली सासरच्या छळासाठी दंडविधानात ४९८-अ हे कलम आले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, लग्नापासून सात वर्षांच्या आत स्त्रीला संशयास्पद मृत्यू आल्यास शवतपासणीची तरतूद झाली. १९८६ साली हुंडाबळीचे ३०४-ब हे स्वतंत्र कलम आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि या कलमांचे क्रमांक बदलले. स्टोव्हची टाकी फुटली आहे की शाबूत आहे, निपल तुंबले आहे की मोकळे, पंप जागेवर आहे की नाही, एवढे तीन प्रश्न १९७५ साली विचारावयास मात्र कोणत्याही कलमाची अडचण नव्हती.

स्टोव्ह मागे पडला तो गॅसमुळे. बर्मा-शेल कंपनीने १९५५ साली मुंबईत 'बरशेन' नावाने टाकीतला गॅस विकावयास आरंभ केला. पुढे १९७६ मध्ये ती कंपनी सरकारजमा होऊन आजचे भारत पेट्रोलियम झाले. साठीच्या दशकात इंडेन आला. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी नंबर लागून शेगडी येईपर्यंत आणखी पुष्कळ वर्षे गेली, आणि गरीब घरांपर्यंत तो पोहोचावा म्हणून उज्ज्वला योजना निघाली ती २०१६ साली. गॅसने बायकांच्या डोळ्यांचा धूर आणि पहाटेचा अर्धा तास वाचविला. स्टोव्हचे दिवस परत यावेत असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. एक फरक तेवढा नोंदवितो. जुन्या गॅसच्या शेगडीचा बर्नर काढून ब्रशाने भोके मोकळी करावी, सांध्याला साबणाचा फेस लावून गळती पाहावी, रबरी नळीची मुदत संपली की ती पालटावी, एवढेच आपल्या हाती. कॉक आणि रेग्युलेटर यांना आपण हात लावावयाचा नाही. त्यासाठी एजन्सीचा माणूस. ते योग्यच आहे. पण ओसरीवर पाना घेऊन बसणारी बाई त्याबरोबर दिसेनाशी झाली.

स्टोव्हची फलटणातील हकीकत मात्र तेथे संपली नाही. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटणास शेतीच्या संशोधनासाठी संस्था स्थापन केली. १९८१ साली डॉ. अनिल राजवंशी अमेरिकेतून येऊन तेथे काम करू लागले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या संस्थेत गोड ज्वारीपासून अल्कोहोल काढण्याचे प्रयोग झाले, 'नूरी' नावाचा दाबाचा कंदील तयार झाला, एकाच वेळी उजेड देणारे आणि अन्न शिजविणारे उपकरणही निघाले. मला सर्वांत नवल वाटले ते निम्मे पाणी मिसळलेल्या अल्कोहोलवर चालणाऱ्या स्टोव्हचे. त्याचे वर्णन २००७ साली प्रसिद्ध झाले. असले पाणीदार इंधन सहजासहजी भडकत नाही, हा त्याचा गुण. अडचण ज्योतीची नव्हे, दारूबंदी आणि अबकारीच्या नियमांची. जे गावात भट्टीवर चोरून निघते ते चुलीसाठी उघडपणे काढावयास परवानगी मिळणे सोपे नाही. एके काळी उसाच्या मळीचे स्पिरिट स्टोव्हच्या वाटीपुरते होते. येथे ज्वारीच्या रसाचे तेच द्रव्य टाकीत जाऊन बसले.

आमचा घरचा स्टोव्ह आई गेल्यानंतर माझ्याकडे आला. मी तो पेटवीत नाही. रॉकेल मिळत नाही आणि घरात गॅस आहे. दर वर्षी दिवाळीच्या आधी भांडी घासावयास निघतात त्या वेळी मी वायसर काढून खोबरेलात भिजवितो आणि पंप दाब धरतो का तेवढे पाहतो. त्याच डब्यात दुसरी एक दांडी आहे. आईने त्या आठवड्याच्या बाजारातून वायसर आणले होते आणि बसवूनही ठेवले होते. मी तिलाही तेल देतो.